पेट्रापोलचं फाटक कुणाच्या मालकीचं?

२७ जून २०२५ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. बांगलादेशातला ताग, तागाचं सूत आणि तागाचं कापड भारत-बांगलादेश सीमेवरच्या एकाही भूबंदरातून आत घ्यायचं नाही. आणायचंच असेल तर फक्त न्हावा-शेवा बंदरातून आणायचं. नकाशा समोर ठेवा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. भारतातल्या तागाच्या गिरण्या प्रामुख्याने हुगळीच्या काठावर, कोलकात्याच्या आसपास आहेत. तिथून बांगलादेशची सीमा जेमतेम ऐंशी किलोमीटर. आता त्या गिरणीकडे निघालेला माल आधी चट्टोग्रामला जहाजात चढणार, श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरणार, उरणला उतरणार आणि मग अख्खा भारत आडवा ओलांडून परत बंगालमध्ये जाणार. हा शुद्ध वेडेपणा आहे. सरकारी शिक्का मारल्याने त्याचं धोरण होत नाही.

हा विषय मराठी वाचकाने दूरचा समजू नये, म्हणून मी लिहितो आहे. मी कांद्याच्या पट्ट्यात वाढलो. ढाक्याच्या बाजारात काय चाललंय यावर लासलगावचा लिलाव खालीवर होतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला ठाऊक असतं. जिनिंगवाल्यालाही ठाऊक असतं, कारण भारताची रुई आणि सूत विकत घेणाऱ्या देशांत बांगलादेश पहिल्या रांगेत आहे. ठाऊक नसतं ते दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांना, किंवा ठाऊक असूनही त्यांना त्याची पर्वा नसते. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

बांगलादेश हा दक्षिण आशियाच्या पूर्व भागाचा सांधा आहे. भारताची त्याच्याशी ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे, इतर कुठल्याही शेजाऱ्याशी नाही इतकी लांब. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम ही पाच राज्यं त्याला लागून आहेत. ईशान्य भारत उरलेल्या देशाला जोडला आहे तो सिलिगुडीजवळच्या वीसेक किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने. आगरतळ्याहून कोलकात्याला माल न्यायचा तर ट्रक त्या पट्टीतून जवळपास १,६०० किलोमीटर फिरतो. बांगलादेशातून सरळ गेला तर अंतर साडेचारशेच्या घरात येतं. त्रिपुरातल्या साब्रूमहून चट्टोग्राम बंदर फार तर ऐंशी किलोमीटर. नेपाळ आणि भूतानला समुद्र नाही. नेपाळची काकडभिट्टा आणि बांगलादेशचं बांगलाबांधा यांच्यामध्ये भारताचा तोच चिंचोळा पट्टा आडवा येतो. म्हणजे भारताला त्रिपुरात जायला बांगलादेश लागतो, बांगलादेशाला नेपाळकडे जायला भारत लागतो आणि नेपाळ-भूतानला समुद्राकडे जायला दोघे लागतात. इतका एकमेकांत अडकलेला भूगोल असताना दक्षिण आशियातल्या देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. आग्नेय आशियात हाच आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे. जागतिक बँकेने २०२१ साली हिशेब मांडला: भारत-बांगलादेशातली वाहतूक खरोखर विनाअडथळा झाली तर बांगलादेशचं राष्ट्रीय उत्पन्न १७ टक्क्यांनी आणि भारताचं ८ टक्क्यांनी वाढू शकतं. अशा अंदाजांना मी वेदवाक्य मानत नाही. निम्मं जरी खरं ठरलं, तरी दोन्ही देशांतल्या कुठल्याही सवलत योजनेपेक्षा ते मोठं आहे.

ज्याने कधी शेतरस्त्याचा वाद पाहिलाय त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दांडगा भाऊबंद बांधावर काटे टाकतो आणि आतल्या रानातल्याचा ऊस तोडणीवाचून उभा राहतो. पण गावात निदान मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, १९०६ सालचा. तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, वहिवाट खुली करून मिळते. दोन देशांमध्ये तहसीलदार नसतो. म्हणून तिथे लेखी करार लागतो, आणि तो पाळण्याची लाज लागते.

ही वाट मुळात अडलेली नव्हती. १९४७ साली रॅडक्लिफने रेघ मारली तेव्हा तागाची शेतं बहुतांश पूर्व बंगालात गेली आणि गिरण्या कोलकात्याकडे राहिल्या. तरीही माल येत-जात होता. पहिला मोठा दणका बसला १९४९ च्या सप्टेंबरात. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने आपल्या चलनाचं केलं नाही, आणि विनिमयदरावरून दोन सरकारं अशी अडून बसली की व्यापारच थांबला. गिरण्यांना ताग मिळेना आणि तिकडच्या शेतकऱ्याच्या तागाला गिऱ्हाईक मिळेना. व्यापार करार व्हायला १९५१ उजाडलं. पुढे १९६५ च्या युद्धात रेल्वे तुटली, रूळ गंजले. कोलकाता-ढाका प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली ती १४ एप्रिल २००८ ला, आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा बंद पडली. १९४९ ला ताग अडवला, २०२५ ला ताग अडवला. मधल्या पाऊणशे वर्षांत आपण काय शिकलो, याचं उत्तर मला कुणी द्यावं.

आता पेट्रापोलला या. बनगावच्या पुढचं हे भूबंदर दक्षिण आशियातलं सर्वात मोठं. पलीकडे बेनापोल. दोन्ही देशांमधल्या जमिनीवरून होणाऱ्या व्यापारातला सिंहाचा वाटा या एका फाटकातून जातो. २०१६ साली इथे एकात्मिक तपासणी नाकं उभं राहिलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मैत्री द्वार’ नावाचं मालवाहतुकीचं नवं फाटक उघडलं. इमारती चांगल्या आहेत. पण ट्रक ओलांडायला किती वेळ लागतो? जागतिक बँकेच्या त्याच अहवालाप्रमाणे कित्येक दिवस. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर हे काम सहा तासांच्या आत होतं, हेही तिथेच नोंदलं आहे. पेट्रापोलला ट्रक आधी वाहनतळावर उभा राहतो, मग पाळी, मग कागद, मग पलीकडच्या गोदामात माल उतरवायचा, तिथून तो बांगलादेशी गाडीत चढवायचा. भारतीय ट्रक सरळ ढाक्याच्या गोदामापर्यंत गेला असता तर ही दुहेरी हमाली लागलीच नसती. त्यासाठीचा करार झालेला आहे. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिंफूमध्ये मोटार वाहन करारावर सह्या केल्या. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो पुढे फेटाळला. उरलेल्या तिघांना तो अमलात आणायला भूतानने अडवलेलं नव्हतं. त्यांनी नियमावलीच्या वाटाघाटींत दशक घालवलं. या दहा वर्षांत पेट्रापोलच्या रांगेत किती डिझेल जळलं आणि किती भाजीपाला सडला, याची कुणाकडेही नोंद नाही, कारण ती ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

हे अशक्य आहे असं मात्र नाही. मेघालयातल्या खाणीतली चुनखडी बांगलादेशातल्या छातक इथल्या सिमेंट कारखान्यात सतरा किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून जाते. पट्टा सीमा ओलांडतो. दगड ढाक्याच्या परवान्याची वाट पाहत वाहनतळावर उभा राहत नाही. नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचते. त्याचा त्रिपक्षीय करार ३ ऑक्टोबर २०२४ ला झाला, म्हणजे ढाक्यात शेख हसीनांचं सरकार उलथून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. तिघांनी ठरवलं आणि झालं. दगडाला वाट मिळते, विजेला वाट मिळते. कांद्याला मिळत नाही, कारण कांद्यावर राजकारण करता येतं.

कांद्याचंच बोलू. २९ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. बांगलादेशाला आगाऊ सूचना नाही, काही नाही. त्यानंतर आठवडाभरात शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, असं त्यांनी तिथे हसत हसत बोलून दाखवलं आणि पुढच्या वेळी निदान आधी कळवा, एवढी विनंती केली. भारताच्या जवळच्या मैत्रीण समजल्या जाणाऱ्या पंतप्रधानाला दिल्लीत येऊन हे म्हणावं लागलं. नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टकांच्या वर गेला आणि त्या सरकारने तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान इथून विमानाने कांदा आणला. मग आपण काय केलं? पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, तेच केलं. पुन्हा एका रात्रीत. भरलेले ट्रक पेट्रापोल, घोजाडांगा, हिली, महदीपूर इथे उभे राहिले, त्यातल्या गोण्यांतून पाणी सुटलं. बांगलादेशने पत्र लिहून आधीच्या समजुतीची आठवण करून दिली. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत लासलगावहून कांद्याच्या वाघिणी रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत गेल्या होत्या. ट्रक बंद असतानाही माल पोचवता येतो हे रेल्वेने दाखवून दिलं होतं, आणि चार महिन्यांत मंत्रालयाने त्यावर पाणी ओतलं.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी. २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला होता आणि त्यातला साधारण पाव हिस्सा एकट्या बांगलादेशाने घेतला होता. ते सर्वात मोठं गिऱ्हाईक आपण आपल्या हाताने हाकललं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, भाव कोसळले. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५०,००० टन द्यायची मुभा आली, तीही सरकारने नेमलेल्या एकाच सहकारी संस्थेमार्फत; ज्या व्यापाऱ्यांनी वीस-वीस वर्षं तिकडची पेढी सांभाळली ते बाहेर. एप्रिलमध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तो गुजरातचा. आणि बंदी उठली ४ मे ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला पंधरवडा उरला असताना. निफाडच्या बाजार समितीत एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, ‘दादा, सरकारला आमचा कांदा दिसतो तो महाग झाल्यावर. स्वस्त झाल्यावर आम्ही कुणाचेच नसतो.’ शहरातल्या ग्राहकाचं मत सांभाळण्यासाठी शेतकऱ्याचं गिऱ्हाईक तोडायचं, हे या देशात कुठल्याही पक्षाचं सरकार असलं तरी होत आलं आहे. पण पाच वर्षांत तीनदा आणि एकाच शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटण्याचा पराक्रम याच राजवटीचा आहे.

परिणाम काय झाला? बांगलादेश शहाणा झाला. फरीदपूर, पाबना, राजबाडी या पट्ट्यात त्यांनी कांद्याचं क्षेत्र आणि उत्पादन वाढवलं, आणि आपला शेतकरी सावरावा म्हणून ते भारतीय कांद्याचे आयात परवाने अडवून धरू लागले. १ एप्रिल २०२५ पासून आपण निर्यातशुल्क शून्यावर आणलं तेव्हा पलीकडचं दार अर्धं मिटलेलं होतं. त्या वर्षीचा उन्हाळ कांदा चाळीत सडला, बाजारात आला तो मातीमोल भावाने. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, बंपर पीक. पीक जास्त होतं हे खरं. पण जास्तीचं पीक ज्याच्या पोटात जायचं तो ग्राहक आपण घालवला होता, हे त्यांच्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

विदर्भाच्या संत्र्याची कथा याच्या उलट्या दिशेने जाते आणि म्हणून ती सांगायलाच हवी, नाहीतर सगळा दोष दिल्लीचा असं वाटेल. वरुड, मोर्शी, काटोलकडचा संत्रा मोठ्या प्रमाणात बांगलादेशात जायचा. तिकडे २०१९ च्या सुमारास किलोला वीस टका असलेला आयातकर ढाक्याने दरवर्षी चढवत २०२३ पर्यंत ८८ टकांवर नेला. डॉलर वाचवायचे म्हणून फळाला चैनीची वस्तू ठरवलं. संत्र्याची निर्यात दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. बागायतदारांना झाडाखाली फळ टाकून द्यावं लागलं. कांद्याचा राग संत्र्यावर काढला, असं विदर्भात अनेकजण म्हणतात. तसं असो वा नसो, दार आपटायची सवय दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की त्यांच्या एकूण व्यापारात भारताचा हिस्सा दहा टक्क्यांच्या घरात आणि आपल्या व्यापारात त्यांचा एक टक्क्याच्या घरात. २०२३-२४ मध्ये आपण त्यांना सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि दोन अब्जांपेक्षा कमीचा घेतला. ज्याच्याकडे विक्रीचा फायदा नऊ अब्जांचा आहे, त्याने भांडण आधी मिटवायचं असतं.

आपण ते पेटवलं. २०२५ चा घटनाक्रम पाहा. मार्चअखेर बांगलादेशच्या हंगामी सरकारचे तेव्हाचे प्रमुख मुहम्मद युनूस चीनमध्ये बोलले: भारताची ईशान्येकडची राज्यं भूवेष्टित आहेत, त्या भागाच्या समुद्राचे राखणदार आम्हीच. बेजबाबदार बोलणं होतं ते. एका शेजाऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्या शेजाऱ्याच्या भूभागाविषयी असं बोलणारा माणूस कितीही नोबेल मिळवलेला असला तरी त्याला खडसावलंच पाहिजे. पण खडसावण्याचं काम परराष्ट्र मंत्र्याचं. आपण काय केलं, तर ८ एप्रिलला बांगलादेशचा माल भारतीय विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात जाण्याची २०२० पासूनची सोय काढून घेतली. कारण दिलं विमानतळावरच्या गर्दीचं. त्याच महिन्यात ढाक्याने बेनापोलसह प्रमुख भूबंदरांतून भारतीय सूत घ्यायचं थांबवलं. त्यांच्या गिरणीमालकांना हवं होतं ते, त्यांच्याच कपडे शिवणाऱ्या कारखानदारांना नको होतं. १७ मे ला आपण त्यांच्या तयार कपड्यांना सगळी भूबंदरं बंद केली, फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता ही समुद्री बंदरं ठेवली. ईशान्येकडच्या नाक्यांवरून त्यांची बिस्किटं, फळांची पेयं, प्लास्टिकच्या वस्तू थांबवल्या. त्रिपुरातल्या, मेघालयातल्या दुकानदाराने काय गुन्हा केला होता? त्याला जवळचा पुरवठादार दोन तासांवर होता, तो गेला. आता त्याचा माल सिलिगुडीच्या पट्टीतून येतो आणि भाड्याचा बोजा गिऱ्हाईकावर पडतो. मग आला जूनचा तागाचा आदेश.

तागाबाबत माझ्यावर आक्षेप येईल, म्हणून तो आधीच घेतो. बांगलादेश तागाच्या मालाला सरकारी अनुदान देतो, तो इथे पडत्या भावात ओततो, आपल्या गिरण्या आणि शेतकरी मरतात. यात तथ्य आहे. म्हणूनच २०१७ पासून त्यावर अँटी-डम्पिंग शुल्क आहे. शुल्क चुकवलं जात असेल तर पेट्रापोलला चांगली तपासणी करा, दंड करा, परवाने रद्द करा. दोषी निर्यातदाराला पकडता येत नाही म्हणून सगळ्यांना अरबी समुद्रात पाठवणं हे सीमाशुल्क खात्याने स्वतःच्या नालायकीवर केलेलं शिक्कामोर्तब आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो मी हलक्यात घेत नाही. पण घुसखोर, बनावट नोटा, गुरं यांची तस्करी पेट्रापोलच्या अधिकृत फाटकातून पावती फाडून होत नाही. ती अंधारात, नदीच्या पात्रातून, तारेच्या फटीतून होते. जिथे कागद तपासला जातो, क्ष-किरण यंत्रातून ट्रक जातो, तीच जागा बंद केली की माल त्या फटींकडे वळतो. सीमा सुरक्षित करायची असेल तर फाटकं जास्त हवीत आणि ती उजेडात हवीत. मेघालयाच्या सीमेवर २०११ साली कलाईचरला सीमा हाट सुरू झाला. दोन्हीकडचे गावकरी एका कुंपणात बसून भाजी, लुंगी, तांब्या-पितळेची भांडी विकू लागले. सीमेवरच्या माणसाला अधिकृत पोट मिळालं की तो तस्कराचा हमाल होत नाही. इतकं साधं आहे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येत नाही. तो पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात मोठ्याने येतो. तिकडे हिंदूंवर हल्ले होतात, मंदिरं फोडली जातात, आणि तुम्ही त्यांना कांदा विकायच्या गोष्टी करता? हल्ले झाले आहेत, आणि त्यांचा निषेध ढाक्याच्या तोंडावर, नावानिशी, पुन्हा पुन्हा झाला पाहिजे. पण कांद्याचा ट्रक अडवल्याने फरीदपूरमधल्या कुठल्या हिंदू कुटुंबाचं घर वाचलं, ते मला दाखवा. महाग कांदा, महाग कापूस, बंद पडलेली आगगाडी यांची झळ त्या घरालाही तितकीच बसते. उलट संबंध तुटले की त्यांच्या बाजूने बोलायला कुणीच उरत नाही. ‘त्यांना उपाशी मारा’ असं म्हणणाऱ्याने स्वतःच्या खिशाला कधी चाट लागू दिलेली नसते. त्याच्या देशभक्तीचं बिल येवल्याच्या आणि मोर्शीच्या शेतकऱ्याच्या नावावर फाटतं. मला या ढोंगाचा संताप येतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

आणि हो, वेगळं वागता येतं. पुरावा आपल्याच घरात आहे. मालदीव. १९८१ च्या व्यापार करारानुसार भारत मालदीवला दरवर्षी तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटे, कांदे, अंडी यांचा ठरलेला वाटा देतो, आणि देशात निर्यातबंदी असली तरी तो देतो. एप्रिल २०२४ मध्ये, माले सरकार भारतीय सैनिकांना परत पाठवत होतं, समाजमाध्यमांवर मालदीव बहिष्काराचा धुमाकूळ चालू होता, त्या दिवसांत दिल्लीने मालदीवचा वाटा कमी तर केला नाहीच, तो करार झाल्यापासूनचा सर्वात मोठा वाटा मंजूर केला. देशात कांद्याची निर्यातबंदी असताना पस्तीस हजार टनांहून जास्त कांदा त्यात होता. शहाणपणाचा निर्णय होता तो, आणि त्याचं मी मनापासून कौतुक करतो. पुढे मालेचा सूर बदलला, ते आपण पाहिलंच. मग हीच पद्धत सतरा कोटी लोकसंख्येच्या, तीन बाजूंनी आपल्याला लागून असलेल्या शेजाऱ्याला का नाही? बांगलादेशने डिसेंबर २०२२ मध्ये हेच मागितलं होतं: तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वार्षिक ठरलेला कोटा. मागणी दिल्लीत, वाणिज्य मंत्र्यांच्या बैठकीत झाली. तेव्हा ढाक्यात आपल्या मर्जीतलं सरकार होतं. तेव्हाही आपण ते पक्कं केलं नाही आणि वर्षभरात कांद्याची सगळी निर्यात बंद करून मोकळे झालो. म्हणून ‘आता तिकडचं सरकारच वाईट आहे’ हे कारण मला कुणी सांगू नये. चांगलं सरकार होतं तेव्हा आपण काय दिवे लावले?

सरकारवर, व्यक्तीवर विसंबलेला व्यापार हे आपल्या पूर्वेकडच्या धोरणाचं मूळ दुखणं आहे. सगळा हिशेब शेख हसीना या एका बाईंवर ठेवला. फेनी नदीवरचा मैत्री सेतू मार्च २०२१ मध्ये उद्घाटन होऊन बसला. आखौरा-आगरतळा हा सव्वाबारा किलोमीटरचा रेल्वेमार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी दूरचित्रसंवादाने सुरू केला. चट्टोग्राम आणि मोंगला बंदरं भारतीय मालाला वापरायचा करार २०१८ चा, पहिली चाचणी २०२० ची. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यातली सत्ता कोसळली तोवर सेतूवरून आणि त्या रुळांवरून नियमित मालवाहतूक सुरूही झालेली नव्हती. मित्राचं सरकार असताना फिती कापत बसलो, कामं पूर्ण केली नाहीत, नियम पक्के केले नाहीत. त्या पंधरा वर्षांत मालाची ये-जा दोन्हीकडच्या लोकांच्या हाडीमाशी खिळली असती, तर कुठल्याही नव्या सरकारला ती तोडताना दहा वेळा विचार करावा लागला असता. २०१५ साली भूसीमा करार झाला, छिटमहल नावाची एकमेकांच्या पोटातली १६२ बेटं अदलाबदल झाली, चाळीस वर्षांचं भिजत घोंगडं एका घटनादुरुस्तीने संपलं. लेखी, कायद्याने बांधलेलं, संसदेत एकमताने मंजूर. ते २०२४ च्या वादळातही टिकलं, कारण ते कुणाच्या मर्जीवर नव्हतं.

आता वेळ थोडा आहे. गंगेच्या पाण्याचा १९९६ चा करार तीस वर्षांचा, त्याची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार, असं वेळापत्रक ठरलेलं आहे; मग साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली त्यांना मिळणारा शुल्कमुक्त प्रवेश जाईल आणि काहीतरी नवा करार करावाच लागेल. त्या करारात एक कलम असं घातलं पाहिजे, की ठरावीक मुदतीची आगाऊ नोटीस दिल्याशिवाय दोघांपैकी कुणीही अन्नधान्याची, फळाची, सुताची निर्यात किंवा आयात बंद करणार नाही, कर वाढवणार नाही. आणि फाटकावर पोचलेला माल कुठल्याही परिस्थितीत अडवला जाणार नाही. कांद्याला ठरलेला वार्षिक वाटा, संत्र्याला ठरलेला कर. पेट्रापोलसह प्रत्येक मोठ्या फाटकावर वेळेची मर्यादा आणि ती ओलांडली तर कोण जबाबदार, त्याचं पदनाम. आणि ताग पुन्हा पेट्रापोलवरून.

महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांपैकी नाशिक, दिंडोरी, शिर्डी, अहमदनगर, धुळे, अमरावती, वर्धा, रामटेक, जळगाव इथल्या खासदारांचं या करारात थेट पोट अडकलेलं आहे. बांगलादेश हा शब्द त्यांच्यातल्या बहुतेकांच्या तोंडी येतो तो घुसखोरीच्या भाषणात. कांद्याचा आणि संत्र्याचा बांगलादेश त्यांना माहीत नाही, की माहीत असून बोलायचं नाही? तुमचा खासदार गावात आला की त्याला हार घालण्याआधी हे विचारा: वाणिज्य मंत्र्याला तू या आगाऊ नोटिशीच्या कलमाबद्दल लेखी पत्र दिलंस का, आणि दिलं असेल तर त्याची प्रत कुठे आहे? प्रत दाखवता आली नाही तर पुढच्या निवडणुकीत त्याला मत देऊ नका.